शेलार दारात थांबतात

आठशे वर्षं रिकाम्या पडलेल्या घराच्या दारात उभं राहून "कोण आहे का घरात? येऊ का?" असं विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि त्याची मी स्टेजवर नक्कल केली. हे आधीच सांगून टाकतो. शेवटासाठी राखून ठेवलं तर तोवर तुम्ही मला भला माणूस समजाल.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शेलार आमच्या फ्रीमाँटमध्येच दोन रस्ते सोडून राहायचे. नोकरी रस्त्यांचे नकाशे काढायची. वर्षभर मोजकं बोलणारा हा माणूस ऑक्टोबर आला की फोन करायचा. "पाहुण्यांकडे जायचंय. येताय?"

पाहुणे म्हणजे अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातली प्युब्लो या तिथल्या आदिवासी लोकांची जुनी, ओसाड घरं. कुठे कड्याच्या कपारीत, कुठे उघड्या माळावर, दगडमातीची. तिथे जायला दोन दिवस गाडी हाकावी लागे. इतर लोक वाळवंटात नुसता कॅमेरा घेऊन जातात. शेलार कॅमेऱ्याबरोबर पाण्याचे सहा कॅन, थालीपिठांचा डबा आणि एक पायपुसणं घेऊन निघत. वाटेत एक प्रचंड धरण लागे. जो तो उतरून फोटो काढी. शेलार तिथे गाडीचा वेग वाढवत. मी एकदा थांबू या म्हटलं, तर म्हणाले, "पाणीच बघायचं तर घरी नळाखाली बघा."

चाको कॅन्यन नावाच्या दरीत मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलो. हाडं खिळखिळी करणारा कच्चा रस्ता, आणि शेवटी शेकडो खोल्यांचा तो दगडी पसारा. शेलारांनी एका बुटक्या दारासमोर पायपुसणं अंथरलं, बूट काढले, वाकून हाक दिली आणि वाट पाहिली. मिनिटभराने बूट घालून पुढच्या दाराकडे निघाले. मी म्हटलं, अहो, आत जायला इथे कुणाची मनाई नाही. तर म्हणाले, "हाक दिली, ओ आली नाही. मग कसं जायचं?" दोन दिवस गाडी चालवून आलेला माणूस एकाही खोलीत शिरला नाही. एका भिंतीवर गिलाव्यात कुणाच्यातरी बोटांच्या रेषा उमटल्या होत्या. त्यांच्यापासून वीतभर अंतरावर स्वतःची बोटं हवेत ओढत ते म्हणाले, "बाईचा हात आहे. सारवताना असाच फिरतो." मग लगेच, "पण मोरी कुठे काढली असेल हो यांनी?"

तिथली देखरेख करणारी रेंजर तरुण मुलगी होती. बूट काढलेले पाहून यांचा पाय दुखतोय असं समजून ती बँडेज घेऊन आली. पुढे माहिती सांगताना ती म्हणाली की हे लोक एके काळी इथून गूढपणे नाहीसे झाले. शेलारांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. "मॅडम, नोबडी व्हॅनिश्ड. दे शिफ्टेड." मुलगी ओशाळली. खरंय, म्हणाली, त्यांचे वंशज आजही इकडे जवळपासच राहतात.

घरी आल्यावर स्लाइड-शो. सगळ्या स्लाइड दारांच्या. प्रत्येक दाराची उंची, उंबरा, तोंड कोणत्या दिशेला, असं सगळं सांगत. मध्येच चिखलातल्या एका उंबऱ्याची एक स्लाइड येई. तिच्यावर अवाक्षर न बोलता शेलार बटण दाबत.

हे सगळं मी पुढच्या वर्षीच्या गणपतीत वापरलं. शाळेचा भाड्याचा हॉल, दोनशे माणसं, पुठ्ठ्याचं दार. मी बूट काढले, "वहिनी, मोरी कुठाय?" म्हणून हाक दिली. चिखलातल्या स्लाइडपाशी बटण दाबून "हे विसरा" म्हटलं. हॉल कोसळला. तिसऱ्या रांगेत शेलार रुमालाने डोळे पुसत हसत होते. नंतर स्टेजमागे येऊन म्हणाले, "झकास. फक्त मी डावा बूट आधी काढतो."

त्या ऑक्टोबरला फोन आला नाही. पुढच्याही नाही. सुधा, माझी बायको, म्हणाली, "अहो, तुम्हीच करा की." मी म्हटलं, कामात असतील. मला ठाऊक होतं, ते कामात नव्हते.

त्यांचा प्रोजेक्टर त्याच गणपतीसाठी आणलेला, माझ्याकडेच राहिला होता. तोंड दाखवायला नको म्हणून परत करायचंही टाळत होतो. शेवटी एका शनिवारी ते घरी नसतील अशा वेळी गेलो. एवढा मी शूर. शेलारवहिनींनी चहा टाकला आणि मशीन चालतंय का बघू म्हणून त्यांचा ट्रे लावला. दारं, दारं, मग तो चिखल. मी सहज विचारलं, हे अ‍ॅरिझोनात कुठे?

"हे कुठलं अ‍ॅरिझोना," वहिनी म्हणाल्या. "ह्यांचं घर आहे ते. साताऱ्याकडचं."

गाव धरणात गेलं होतं. एका उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं तेव्हा शेलार नेमके भारतात होते. चिखल तुडवत जाऊन त्यांनी उंबरा शोधला आणि फोटो काढला. गाव सोडायच्या दिवशी बैलगाडी भरून उभी होती, आणि त्यांच्या आईने शेण कालवून घर सारवायला घेतलं. पाण्याला कसलं सारवतेस, म्हणून सारी आळी हसली. ती सारवतच राहिली. सगळं घर सारवून मागे सरत सरत उंबऱ्याबाहेर आली. ओल्या जमिनीवर पाय नको म्हणून मग कुणीच पुन्हा आत गेलं नाही.

चहा तसाच ठेवून मी घरी आलो. ऑक्टोबरमध्ये फोन मी केला. "शेलार, पाहुण्यांकडे जायचं का?" पलीकडून, "गाडी कुणाची?"

माझी नेली. धरणापाशी मीच वेग वाढवला. त्यांनी थालीपिठाचा डबा उघडून माझ्यापुढे धरला.

चाकोला दुपारी पोचलो. तेच बुटकं दार. त्यांनी पायपुसणं अंथरलं, डावा बूट आधी काढला. मीही खाली वाकलो, नाडीला हात घातला आणि थांबलो. हे माझं एकदा करून झालं होतं, पुठ्ठ्याच्या दारासमोर. तसाच बुटांनिशी बाजूला उभा राहिलो. शेलारांनी हाक दिली. नेहमीपेक्षा जास्त वेळ वाट पाहिली.

"वहिनींनी सांगितलं मला," मी म्हटलं.

"सगळं नसेल सांगितलं." ते दाराकडेच बघत होते. "सगळ्यांत मोठ्याने मी हसलो होतो. अठरा वर्षांचा होतो. आईला परत कधी विचारलंच नाही त्याबद्दल. आणि मग ती गेली."

वाऱ्याने पायपुसण्याचा कोपरा उलटला. मी तो वाकून नीट केला, आणि वाकलेलाच असताना बोललो, कारण उभं राहून जमलं नसतं.

"शेलार, तुमच्या दारात मी दोनशे माणसं हसवली. माझं चुकलं. मला माफ करा."