शेजारच्या सीटवरची सासू

रोवेनाला टेम्पो हवा होता आणि टेम्पो सासूचा होता. सगळी अडचण एवढीच होती.

कामिसावा गावापासून दोन टेकड्या पलीकडे म्हाताऱ्या माणसांचं केंद्र आहे. सकाळी त्यांना घरून आणायचं, आंघोळ घालायची, जेवू घालायचं, चार गाणी म्हणायची आणि संध्याकाळी परत सोडायचं. तिथे रोवेनाला काम मिळालं होतं. पण बस दिवसातून दोनदाच, तीही नको त्या वेळी. रोवेनाचा नवरा तोशियुकी सफरचंदांच्या बागेत शिडीवर उभा राहून म्हणाला, "टेम्पो आईचा आहे. आईला विचार." आणि पानांत तोंड लपवलं. आई म्हटलं की तो नेहमीच पानांत तोंड लपवायचा.

सासू मात्सुए हिने वयाकडे बघून आपलं लायसन्स पोलिसांना परत केलं होतं, पण टेम्पो काही कुणाला दिला नव्हता. रोज ती तो पुसायची. रोवेना लग्न होऊन फिलिपाइन्सहून आली त्याला बरीच वर्षं झाली होती, आणि इथलं लायसन्स तिला आत्ता कुठे मिळालं होतं. दोनदा ती नापास झाली. कारण काय, तर वळताना आरशात पाहिलं, पण मान वळवली नाही. परीक्षकाला मान वळलेली दिसावी लागते. म्हणून आता ती आधी वाकून गाडीखाली बघायची, मग मागे, मग आरशात, आणि मान अशी वळवायची की घुबडानं तिच्याकडे शिकवणी लावावी.

"सोसायटीच्या दुकानात जाऊन येऊ," मात्सुए म्हणाली. "मी शेजारी बसते. कशी चालवतेस ते बघते. मग टेम्पोचं ठरवू."

जाताना सासूचं तोंड गप्प नव्हतं.

"अगं, क्लच हळू सोड. गाडीला शिंका येतायत."

"हो आई."

"कोपरा आलाय, सण नाही आलेला. एवढी काय थांबतेस?"

"हो आई."

"आणि हो आई, हो आई करू नकोस. रस्त्याकडे बघ."

सोसायटीच्या दुकानापुढे पांढरे टेम्पो ओळीनं उभे होते, सगळे उलटे लावलेले, तोंडं बाहेर, पंगतीला बसल्यासारखे. सगळे एकाच मापाचे, दोनच सीटांचे, मागे उघडा हौदा. किल्ल्या आतच लटकलेल्या. कामिसावात किल्ली काढून नेणं म्हणजे शेजाऱ्याला चोर म्हणणं. मात्सुएनं शेतातली मोठ्या झालरीची टोपी पुढे ओढली, मास्क वर केला आणि म्हणाली, "मी इथेच बसते. कांद्याची रोपं बघून घे, सुकलेली आणू नकोस." रोवेना दुकानाच्या दारात पोचेपर्यंत तिला डुलकी लागली होती.

रोवेनानं जाताना नीट मोजून ठेवलं, आपला टेम्पो कडेपासून तिसरा. फोन तिनं पुढच्या खणातच ठेवला, कारण सासूला कामाच्या वेळी हातात फोन दिसलेला चालत नसे.

ती आत रोपं निवडत असताना कडेचा टेम्पो निघून गेला. म्हणजे तिचा झाला दुसरा, आणि तिसरा झाला शेजारी उभा असलेला शिगेओ कुरोइवाचा. हा कुरोइवा पलीकडच्या गावचा बागायतदार. त्याच्या टेम्पोतही पुढच्या सीटवर त्याची आई बसलेली. झालरीची टोपी, मास्क, आणि डुलकी.

रोवेना आली. तिनं हौद्यात गोण्या आणि रोपं ठेवली. वाकून खाली पाहिलं, मागे पाहिलं, आरशात पाहिलं, मान वळवून पाहिलं. सगळीकडे पाहिलं, फक्त शेजारच्या सीटवर नीट पाहिलं नाही. किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली.

या वेळी गाडीला शिंका आल्या नाहीत. गिअर लोण्यात सुरी जावी तसे पडत होते. आणि मुख्य म्हणजे सासू गप्प होती. पहिला कोपरा गेला, गप्प. पूल गेला, तरी गप्प. रोवेनाचा जीव सुपाएवढा झाला. तिला वाटलं, विचारायचं तर आत्ताच.

"आई, जाग्या आहात ना?"

टोपीतून आवाज आला, "हं."

"केंद्रातलं काम धरू का? टेम्पो रोज लागेल."

"धर की," टोपी म्हणाली.

रोवेनाला रडू यायचं बाकी होतं. माणूस आनंदात आला की जास्त बोलतो, तशी ती बोलली. "खरं सांगू का आई? पैशाचं एवढं नाही. दिवसभर आपण दोघी एका घरात, उठलं की माझं चुकलं, बसलं की चुकलं. आठ तास मी बाहेर असले ना, तर तुम्हालाही बरं आणि मलाही बरं. लांब राहिलं की माया वाढते."

"खरं आहे," टोपी म्हणाली. "सासू फार बोलते वाटतं?"

हा सासूचा विनोद समजून रोवेना मोठ्यानं हसली. सासूनं विनोद करायची ही पहिलीच वेळ होती.

अंगणात टेम्पो थांबला. म्हातारीनं टोपी काढली, मास्क खाली केला आणि हसून म्हणाली, "जागा बदलली वाटतं केंद्राची? घरगुती केलीत, बरं केलंत. आंघोळ कुठे?"

रोवेनानं आयुष्यात ही बाई पाहिली नव्हती.

"आजी... तुम्ही कोण?"

"मी हात्सुनो कुरोइवा. माझे वार मंगळवार आणि शुक्रवार. आज तुम्ही न्यायला आलात तेव्हा वाटलं, शिगेओनं वार वाढवून घेतला असेल. तो घुम्या, मला काही सांगत नाही."

"मग तुम्ही विचारलं का नाही?"

"तुम्ही एवढ्या काळजीनं चालवत होतात. मध्ये बोलून त्रास कशाला द्यायचा?"

आज सासूनं रोवेनाची परीक्षा घ्यायची होती, आणि तिनं सासूच हरवली होती. ती घरात धावली आणि दुकानात फोन लावला.

"तुमच्या दारात टेम्पोत एक आजी बसल्यात का?"

"चार बसल्यात," दुकानातला माणूस म्हणाला. "कोणती हवी?"

"झालरीची टोपी, तोंडाला मास्क."

"ताई, चौघींनाही आहे."

तिनं हात्सुनोला पुन्हा बसवलं आणि टेम्पो वळवला.

तिकडे कुरोइवाचं वेगळंच चाललं होतं. तो गोणी घेऊन आला, मोकळ्या जागेच्या शेजारी टेम्पो दिसला, आत टोपीखाली आई झोपलेली दिसली, तो बसला आणि निघाला. जरा वेळानं मात्सुएला जाग आली. बघते तर स्टिअरिंगवर एक पुरुष.

"तू कोण रे?"

कुरोइवानं मान न वळवता सांगितलं, "आई, मी शिगेओ."

"कोण शिगेओ?"

"तुझा मुलगा."

"मला शिगेओ नावाचा मुलगा नाही!"

कुरोइवा हबकला. सकाळपर्यंत बरी होती म्हातारी, आणि आता पोटच्या पोराला ओळखत नाही. डोक्याचं हे दुखणं असंच एकाएकी सुरू होतं, असं त्यानं ऐकलं होतं. मास्कमधून आवाज ओळखण्याइतकं त्याचं भानही उरलं नाही. "घाबरू नकोस आई," असं म्हणत त्यानं टेम्पो थेट दवाखान्याकडे पिटाळला.

"गाडी थांबव!" मात्सुए ओरडली. "लाल दिवा होता तो! आणि एका हातानं काय चालवतोस? दुसरा हात गहाण ठेवलायस का?"

"असंच होतं म्हणे सुरुवातीला," कुरोइवा डोळे पुसत म्हणाला. "चिडचिड होते."

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी टोपी काढायला सांगितली. टोपी निघाली आणि कुरोइवा मटकन खुर्चीवर बसला.

"ही माझी आई नाही!"

"मी मघापासून तेच सांगतेय," मात्सुए म्हणाली.

मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला की, आपली आई कुठेतरी हरवली आहे. त्यानं गावच्या कचेरीत फोन केला. थोड्याच वेळात खोऱ्यातल्या सगळ्या खांबांवरचे भोंगे संथ आवाजात बोलू लागले. एक वृद्ध महिला हरवल्या आहेत. वय ऐंशीच्या पुढे. उंची कमी. झालरीची टोपी, तोंडावर मास्क. पांढऱ्या टेम्पोतून गेल्या असाव्यात.

हे वर्णन खोऱ्यातल्या निम्म्या बायकांना लागू होतं.

रोवेनाच्या शेजारी बसलेल्या हात्सुनोनं कान देऊन ऐकलं. "बिचारी," ती म्हणाली. "कुणाची म्हातारी असेल गं? घरच्यांनी लक्ष द्यायला नको का?"

पुलापाशी अग्निशमन पथकातले गावकरी गडी रस्ता अडवून उभे होते आणि पांढऱ्या टेम्पोंची रांग लागली होती. सफरचंदं काढायचे दिवस, सगळी कामं टाकून लोक उभे. गडी एकेका टेम्पोपाशी वाकून म्हणत होते, "आजी, जरा मास्क खाली करता?" आज्या खूश होत्या. पुढच्या टेम्पोतली एक तर म्हणाली, "मी नाही का ती? नीट बघा बाबा."

रोवेनाच्या टेम्पोपाशी शेजारच्या बागेतला हिरोमु आला. "काय वहिनी, आई बऱ्या आहेत ना?" म्हणून आत वाकला आणि तसाच राहिला. "या कोण?"

"मी हरवलेली नाही हो," हात्सुनो म्हणाली. "मला या आंघोळीला घेऊन आल्यात."

हिरोमुनं रोवेनाकडे पाहिलं. रोवेनानं कडेपासूनच्या तिसऱ्या टेम्पोपासून गोष्ट सांगायला घेतली. तेवढ्यात समोरून हॉर्न वाजवत कुरोइवा आला; तो मात्सुएला घरी सोडायला निघाला होता. ती शेजारी, टोपी मांडीवर आणि चेहरा पेटलेला.

कुरोइवा उतरला आणि रोवेनापुढे कमरेत वाकला. "चूक माझी. मी बघायला हवं होतं." रोवेना त्याहून खाली वाकली. "नाही, माझी. मी आधी गेले." तो आणखी खाली गेला. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अहो, चूक वाटून घ्या आणि रस्ता सोडा!"

दोन्ही म्हाताऱ्यांना खाली उतरवलं. हात्सुनोनं मात्सुएला नमस्कार केला. "तुमची सून का ही? नशीबवान आहात. कोपऱ्याकोपऱ्यावर मागे वळून बघते. आमचा शिगेओ पुढेसुद्धा बघत नाही."

"त्याचं मला विचारा," मात्सुए म्हणाली. "लाल दिव्यात फुलं बघायला निघाल्यासारखा शिरतो." मग तिनं रोवेनाकडे पाहिलं. रोवेनाला वाटलं, सुटले.

"आणि मन किती मोकळं तिचं," हात्सुनोला आता चांगलाच रंग चढला. "मला सगळं सांगितलं. सासू फार बोलते म्हणाली. आठ तास लांब राहिलं तर दोघींना बरं म्हणाली. मी म्हटलं, खरं आहे, धर काम. मला माहीत नव्हतं हो त्या सासूबाई म्हणजे तुम्ही!"

हिरोमुनं नदीकडे बघायला सुरुवात केली. रोवेनाला टेम्पो गेल्यासारखाच दिसत होता. नोकरी गेली, आता घर तरी राहतंय का बघायचं.

मात्सुएनं टोपी झटकली, डोक्यावर घातली, नाडी बांधली. या बाईला विचार करायला वेळ लागायचा, पण झालेला विचार बदलायला त्याहून जास्त.

"केंद्रात ती तुमची पाठ चोळणार?" तिनं हात्सुनोला विचारलं.

"मंगळवारी आणि शुक्रवारी. मी तर आता तिच्याच हातून आंघोळ करणार."

"हं," मात्सुए म्हणाली. मग रोवेनाकडे वळून म्हणाली, "चालवतेस बरी. टेम्पो घेऊन जात जा."

रोवेनाचा कानांवर विश्वास बसेना. तिनं जागच्या जागी तीनदा कमरेत वाकून घेतलं. घरी जाताना सासू एक शब्द बोलली नाही. रात्री तोशियुकीला जेवताना बातमी कळली तेव्हा त्याला तोंड लपवायला पानं नव्हती, म्हणून त्यानं भाताच्या वाडग्यात लपवलं.

सोमवारी रोवेना पहाटेच उठली. डबा भरला, केस बांधले. अंगणात धुकं होतं, टेम्पो पुसून चकाचक ठेवलेला. ती वाकून खाली बघत होती, तेवढ्यात पलीकडचं दार उघडल्याचा आवाज आला. मात्सुए आत चढत होती. हातात टॉवेल, साबणाची डबी आणि घासणी.

"आई, कुठे निघालात?"

"केंद्रात. काल तोशियुकीकडून फोन करवून नाव घातलं. सगळे वार घेतलेत." तिनं टॉवेलाची घडी मांडीवर नीट केली. "माझी सून परक्यांच्या पाठी चोळणार आणि मी घरी बसून भिंतीशी बोलू?"

रोवेना दाराला धरून उभी राहिली. "पण आई, केंद्राची गाडी येते ना न्यायला. दारातून नेतात, दारात सोडतात."

"त्या गाडीत सगळ्या म्हाताऱ्या बसतात," मात्सुए म्हणाली आणि तिनं पट्टा लावला. "चल. आणि क्लच हळू सोड."