पायाने निवडलेलं दुकान

पाय दुखतो हे घरात सांगायचं नाही, एवढंच अप्पांनी ठरवलं होतं. (मोठे निर्णय माणूस विचार करून घेतो, गोत्यात आणतात ते छोटे.)

ऑफिसातून परतताना दीडशे पावलं झाली की उजव्या पोटरीला पीळ बसायचा. दोन मिनिटं उभं राहिलं की सुटायचा. पुन्हा दीडशे पावलं, पुन्हा पीळ. रेकॉर्ड विभागातल्या शिपायाने निदान करून टाकलं होतं, "साहेब, रक्त पोचत नाही. आमच्या मामांचं असंच झालं. आधी अंगठा गेला, मग गुडघ्यापर्यंत." मामांचं पुढे काय झालं, हे विचारायचं धैर्य अप्पांना झालं नाही. तेव्हापासून मोजे घालताना ते बोटं मोजत. (पाच. खात्रीसाठी पुन्हा एकदा.)

आणि डॉक्टर? दोन वर्षांपूर्वी बायको "नुसतं दाखवून येते" म्हणून गेली होती. परत आली ती तिची पिशवी.

रस्त्यात नुसतं उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून अप्पा दुकानांच्या काचेत बघत. दुकान पाय ठरवायचा. पहिला मुक्काम कुलपांच्या दुकानापाशी, तो ठीक होता. दुसरा नेमका बायकांच्या कपड्यांच्या दुकानासमोर. पेन्शनीला टेकलेला विधुर महिनाभर रोज साडेपाचला जांभळ्या रेशमाकडे ओठ चावत, डोळ्यांत पाणी आणून बघतोय, ही बातमी घरी पोचायला कितीसा वेळ!

रविवारी थोरली बहीण आक्का येऊन बसली. सूनबाई दारात उभी.

"कोण आहे रे ती?"

"कोण ती?"

"मला नको शिकवूस! ते जांभळं कापड कुणासाठी बघतोस?"

"अप्पा, आमची काही हरकत नाही हं," सूनबाई हळूच म्हणाली. "पण तसं नसेल, तब्येतीचंच काही असेल, तर उद्याच डॉक्टरांकडे जाऊ."

आता पाय कबूल करायचा, नाहीतर बाई. अप्पांना मामांचा गुडघा दिसला.

"आहे एक," ते म्हणाले.

"करते काय?"

अप्पांना काचेतली, जांभळं रेशीम नेसवलेली बाहुली तेवढी आठवली. "उभी असते. त्या दुकानात."

"स्वभावाने?"

"शांत. बोलत नाही फारशी."

"सोन्यासारखी बाई! ऊठ, आत्ताच बघून येऊ."

आक्का पुढे, सूनबाई मागे, मधे अप्पा. थांबायची सोय नाही. दीडशे झाली, दोनशे झाली, अडीचशे झाली. दुकानाच्या पायरीवर अप्पा बसकण मारून ओरडले, "कापू नका हो! पाय कापू नका!"

आतून शिवणारी बाई कात्री घेऊनच धावत आली. अप्पांनी डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजायला दंडाला बांधतात ती पट्टी घोट्याला बांधली. अप्पा श्वास रोखून छताकडे बघत होते.

"रक्तवाहिनी अरुंद झालीय. वेळेत आलात. सिगारेट आजपासून बंद. ही गोळी रोज. आणि रोज चालायचं. दुखलं की थांबायचं, कमी झालं की पुन्हा चालायचं."

"आणि पाय?"

"तो बरोबर न्या."

अप्पांना हसायला आलं, मग रडायला. दोन्ही पायांवर ते बाहेर आले. बाकावर आक्का डोळे पुसत होती.

"अगं आक्का, रडतेस काय? पाय राहिला माझा!"

"पायाचं काय घेऊन बसलास मेल्या! तू तिच्या घरी राहायला जाशील म्हणून सूनबाईने तुझी खोली नव्या पडद्यांसाठी मोजूनसुद्धा ठेवली होती रे!"