दौलतरावांचं रणांगण

"जरा बाजूले व्हा मास्तर, तुमी आपल्या घोडदळावर उभे हाय!"

दौलतरावांनी मला उद्देशून काढलेलं हे पहिलं वाक्य. मी सेलूच्या शाळेत नुकताच रुजू झालो होतो आणि संध्याकाळचा गावाबाहेरच्या माळावर फिरत होतो. दचकून खाली पाहिलं, तर पायाशी वीतभर उंचीची जास्वंदीची रोपं.

या माळावर कधीकाळी इंग्रजांच्या पलटणीशी लढाई झाली आणि आपली माणसं हरली, एवढंच गावाला ठाऊक होतं. दौलतराव बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले आणि त्यांनी त्या लढाईचा बगीचा करायचं मनावर घेतलं. देश नुकताच स्वतंत्र झालेला. गावात स्मारक समितीही निघाली होती. तिला हवा होता सिमेंटचा खांब आणि त्यावर सभासदांची नावं. दौलतराव उसळायचे, "लढाई खांबावर झाली का जमिनीवर? मंग जमीनच दाखवा ना लोकायले!"

त्यांच्या नकाशात घोडदळ म्हणजे जास्वंद आणि पायदळ म्हणजे झेंडू. समोर इंग्रज म्हणून घाणेरी. "साहेबानंच आणली ती आपल्या देशात. बरोबर शोभते!"

समितीचे अध्यक्ष काम पाहायला यायचे होते, नेमक्या त्याच सकाळी माळावर शेळ्या घुसल्या. घोडदळ साफ झालं. पायदळाचे नुसते दांडे उरले. घाणेरीला मात्र एकाही शेळीनं तोंड लावलं नाही.

अध्यक्ष म्हणाले, "काहो दौलतराव, इंग्रजच जिंकून राह्यले ना!"

"मंग? इतिहास बरोबरच हाय," दौलतराव शांतपणे म्हणाले. "तुमी कुंपण द्या, मंग पाहा."

अध्यक्षांना इतकं हसू आलं, की खांब रद्द होऊन कुंपण मंजूर झालं.

वर्षाभरात माळ लाल-पिवळा झाला. उद्घाटनाला पाहुणे आले, भाषणं झाली. फिरता फिरता अध्यक्षांना घाणेरीच्या मधोमध कडुनिंबाचं रोप दिसलं, भोवती आळं, वर काट्यांचं कुंपण.

"शत्रूच्या बाजूले सावली काऊन?"

कधी नव्हे ते दौलतराव अडखळले. "नकाशात चूक झाली," एवढंच बोलले.

पाहुणे गेल्यावर पाहिलं, तर म्हातारा त्या रोपाला पाणी घालत होता. मी म्हणालो, "ही चूक मुद्दाम केलेली दिसते."

ते बराच वेळ आळ्यातली माती सारखी करत राहिले.

"माहा पोरगा साहेबाच्याच पलटणीत होता, मास्तर. ब्रह्मदेशात गेलता लढाईवर. कुठं पडला, कोणी सांगतलं नाई." मग घाणेरीकडे पाहत म्हणाले, "इथंबी कोणाची पोरं पडलीच असन. आपण त्यायले सावली करावी. तिकडंबी केली असन एखाद्यानं."

त्यांची बादली रिकामी झाली होती. मी ती उचलली आणि विहिरीकडे गेलो.