मोटारीला पाणी पाजण्याचा ठराव

श्रावणातल्या ज्या रविवारी आमच्या घरी कानबाई देवी बसायची होती, त्याच सकाळी विहिरीवरच्या मोटारीने पाणी देणं बंद केलं. आवाज पूर्ण, पाणी शून्य. आवाजाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. आमच्या घरातल्या पुरुषांशी ती मोटार पहिल्यापासून मिळतीजुळती आहे. पण संध्याकाळच्या आत कानबाईच्या नैवेद्याचा रोट रांधून व्हायला हवा होता. सगळी भाऊबंदकी पानावर बसायची होती.

पारोळ्याहून मिस्तरी बोलवा, असं मी म्हटलं. माझे दीर चुडामणनाना उडालेच. "वहिनी, रोटना पानीले भाऊबंदकीबाहेरना हात? कानबाई कोपी जाई!"

"कोपो ना कोपो नाना, उपाशी तर नक्की ऱ्हाई."

माझं म्हणणं फेटाळून घरच्या घरी तांत्रिक समिती नेमण्यात आली. अध्यक्ष नाना, कारण पक्कड त्यांच्याकडे होती. सचिव माझा थोरला योगराज, कारण त्याच्या मोबाईलला रेंज होती.

समितीने आधी फ्यूज बदलला, मग कंडेन्सर, मग स्टार्टर टांगायची भिंत. मोटार आपली तशीच. अखेर योगराजने व्हिडिओ पाहून निदान जाहीर केलं: मोटारीने हवा धरली आहे, पाइपात वरून पाणी भरलं की ती खालचं पाणी ओढेल.

"म्हणजे पाणी पाहिजे तर आधी पाणी द्यायचं?" मी विचारलं.

"आई, प्रक्रियाच तशी आहे."

तहसील कचेरीतलं उत्तर घरबसल्या मिळालं. जाण्यायेण्याचा त्रास वाचला.

योगराजची बायको दिपमाला सकाळपासून दोर-बादलीने पाणी ओढून रोटाचे हंडे भरत होती. समितीने ते हंडे व्यापक हितासाठी ताब्यात घेतले आणि पाइपात रिकामे केले. पाइपाच्या बुडाशी पाणी अडवायला फुटव्हॉल असतो, तो गळका होता. त्यामुळे सगळं पाणी निमूट विहिरीत परत गेलं. फुटव्हॉल बघायचा तर पाइप वर ओढावा लागतो, आणि पाइप ओढायला कंबर लागते. म्हणून तो विषय पुढच्या बैठकीवर ढकलला.

दिपमालाने पुन्हा हंडे भरले. समितीने पुन्हा ओतले. तिसऱ्या खेपेला तिने तळहातावरचे फोड नानांपुढे धरले.

"नाना, मी वढस, तुम्ही वततस. आपुन घर भरी ऱ्हायनूत का इहीर?"

नानांनी फोड नीट पाहिले आणि गंभीरपणे अभिप्राय दिला, "मोटार चांगली शे. पुरवठा कमी पडस."

त्यापुढचं पाणी मी परस्पर चुलीपाशी नेलं, दाराला आतून कडी घातली आणि आम्ही दोघींनी रोट रांधला. कानबाई वेळेत बसली. जेवता जेवता भाऊबंदांनी समितीचं अभिनंदन केलं, आणि घरात पाणी ओढायला सून एकच आहे हे मूळ कारण शोधून काढून, धाकट्या ईश्वरचं लग्न तुळशी लागताच उरकण्याचा ठराव एकमताने मंजूर केला.

तर तुमच्या नात्यात मुलगी असेल तर कळवा. अंगाने बळकट हवी. शिकलेली असली तरी आमची हरकत नाही. दारात विहीर आहे, विहिरीवर मोटार आहे. तुम्ही तरी लेक देताना याहून जास्त काय विचारता?