आईच्या कानापर्यंतचा अधिकृत मार्ग

गाणे तयार होणे आणि गाणे प्रसिद्ध होणे या दोन स्वतंत्र बाबी आहेत. पहिली घरात घडते, त्यामुळे तिला कोणी मोजत नाही. दुसरी कुठे घडते हे कोणालाच ठाऊक नसते, त्यामुळे तिच्याबद्दल सर्वांना आदर असतो. चष्मेवाल्याला हा फरक त्याच्या आईने समजावून दिला, आणि तोही अशा वेळी, जेव्हा तिच्या कानांपाशी फारसा वेळ उरलेला नव्हता.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितले होते की उजवा कान गेल्यात जमा आहे आणि डावा निघायच्या तयारीत आहे. यंत्र लावून उपयोग नव्हता. बिघाड आतल्या नसेचा होता; यंत्र आवाज मोठा करते, पण मोठा केलेला आवाज घ्यायला आत कोणीतरी असावे लागते.

हे ऐकून चष्मेवाल्याने हातातला अल्बम संपवायचा निश्चय केला. एरवी तो दुकानात लोकांच्या नंबरप्रमाणे काचा घासून फ्रेममध्ये बसवत असे आणि सुट्टीच्या दिवशी घरी गाणी करत असे. गाणी बहुतेक आईवरच होती: खिडकीच्या कडीशी असलेले तिचे जुने भांडण, अंघोळीच्या पाण्याबद्दलची तिची मते, जिना चढताना ती पायऱ्यांना जे बोलते ते. डावा कान जागेवर आहे तोवर तिने ही गाणी एकदा ऐकावीत, एवढीच त्याची इच्छा होती. इच्छा इतकी साधी असली की माणूस कोणत्या ना कोणत्या यंत्रणेच्या तावडीत सापडतोच.

कपाट

ध्वनिमुद्रण बेडरूममधल्या कपाटात झाले. कोट आणि चादरी आवाज शोषून घेतात, असे चष्मेवाल्याने कुठेतरी वाचले होते. त्या हवाही शोषून घेतात, हे आत बसल्यावर कळले. तो आत शिरला की बायको बाहेरून दार लोटून घेई, फ्रिज बंद करी, नळ आवळी आणि घरात संचारबंदी जाहीर करी. आईने खोकायचे नाही, असेही ठरले होते. आईने ते मान्य केले होते आणि पाचव्या गाण्यात ती खोकली होती.

तो खोकला काढण्यात एक अख्खा रविवार गेला. खोकला सुराला चिकटला होता. ओढला की सूरही बरोबर येई. शेवटी तो असा सफाईने निघाला की या घरात कोणी राहतच नसावे असे वाटावे. चष्मेवाला खूश झाला आणि फोन घेऊन आईकडे गेला.

विषय: आईने ऐकणे. संदर्भ: आईच.

आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तो तिच्या डाव्या बाजूला बसला आणि गाणी झाली, असे त्याने मोठ्याने सांगितले.

“बाहेर आलीत का?” आईने विचारले.

अजून नाही, पण फोनमध्ये आहेत, आत्ता ऐकता येतील, असे तो म्हणाला.

“मग आल्यावर ऐकते. कपाटातून वर्षभर ऐकतेच आहे की तुझं ओरडणं.”

“तेच गाणं आहे, आई.”

“तेच कसं असेल? घरात वाजतं तो तुझा आवाज. बाहेरून येतं ते गाणं. वरच्या मजल्यावरच्या मुलीचं बाहेर आलं तेव्हा बसून ऐकलं ना मी? सगळ्यांनी ऐकलं. तुझं असं कच्चं ऐकून कान वाया कशाला घालवू? राहिलाय किती तो आता.”

युक्तिवादात खोट नव्हती. उरलेला कान ती अप्रसिद्ध मालावर खर्च करणार नव्हती. ‘आली बाहेर’ म्हणून थाप मारण्याचीही सोय नव्हती, कारण आई कोणतीही बातमी वरच्या मजल्यावरच्या मुलीकडून खात्री करून घेतल्याशिवाय स्वीकारत नसे.

बाहेर

बाहेर येण्यासाठी वितरक लागतो. वितरक म्हणजे एक संकेतस्थळ. ते गाणे घेते, जगभर पाठवते आणि पाठवण्याआधी ते गाणेच आहे ना, याची शहानिशा करते. तिथे एक साहाय्यिका होती. ती बाई आहे की यंत्र, हे कळायला मार्ग नव्हता. मात्र ती कधीच चिडत नसे, त्यावरून चष्मेवाल्याने काय समजायचे ते समजून घेतले.

तिने आधी प्रत्येक गाण्याचा मूड विचारला. स्वतःचा मूड लिहायची मुभा नव्हती, दिलेल्यांतून निवडायचा होता: व्यायाम, विरह, पार्टी, झोप. अंघोळीच्या पाण्याचे गाणे कशातच बसेना. विरहात टाका, बायको म्हणाली, पाणी वेळेवर तापतं कुठे. साहाय्यिकेने कळवले की विरहासाठी दुसरी व्यक्ती आवश्यक असते. अखेर सगळीच गाणी झोपेत गेली.

(खिडकीच्या कडीविषयीचा परिच्छेद इथे होता. त्याचा मूड न ठरल्यामुळे तो प्रसिद्ध होऊ शकला नाही.)

गादी

मग कळवण्यात आले की तिसरे गाणे चोरीचे आहे. ते आधीपासूनच जगात वाजते आहे आणि त्याची मालकी एका गादीकडे आहे.

बायकोचा भाऊ गाद्या विकतो. चष्मेवाल्याने कच्चे गाणे ‘जरा ऐकून सांगा’ म्हणून त्याला पाठवले होते. मेहुण्याने ऐकून काही सांगितले नव्हते; गादीच्या जाहिरातीमागे लावून टाकले होते.

“चोरी काय म्हणता, भावोजी? घरातलंच तर आहे,” मेहुणा म्हणाला. “आणि खरं सांगू, लोकांना झोप येते हो तुमच्या गाण्यानं. गिऱ्हाईक दुकानातच आडवं होतं.”

जाहिरात काढून टाकायला तो तयार होता. पण काढून टाकलेली गोष्टसुद्धा एके काळी होतीच, असे वितरकाचे म्हणणे पडले आणि मूळ गायकाची हरकत नसल्याचे पत्र मागवण्यात आले. मूळ गायक म्हणजे चष्मेवालाच. त्याने स्वतःला विनंती केली, स्वतःची हरकत नसल्याचे स्वतःला कळवले आणि पत्र धाडले. ते परत आले. अर्जदार आणि मूळ गायक एकाच घरात राहत असल्याने संगनमताचा संशय होता. तेव्हा चष्मेवाल्याने स्वतःविरुद्ध हरकत नोंदवली, स्वतःला दोनदा बरेवाईट सुनावले आणि दोन्ही पक्षांत समेट झाल्याचे कळवले. हे मात्र ताबडतोब मंजूर झाले. भांडल्याशिवाय दोन माणसे वेगळी असल्याचे सिद्ध होत नाही, असा तो नियम असावा.

तोवर आईला दाराची घंटा ऐकू येईनाशी झाली होती.

“बरंय,” ती म्हणाली. “उठावं लागत नाही.”

दर्जा

आता दर्जा तपासणी तेवढी उरली. अल्बम ‘घरगुती’ या विभागात नोंदवला होता. साहाय्यिकेचा निरोप आला.

— आपल्या घरगुती अल्बममध्ये घर आढळले नाही.

— म्हणजे?

— आवाज फार स्वच्छ आहे. या विभागाच्या श्रोत्यांना घर ऐकायचे असते. आमच्या संग्रहातून तयार घर घेता येईल. भांडी, दाराची कुरकुर, लांबचा कुत्रा. वृद्ध खोकलाही उपलब्ध आहे.

— खोकला आहे माझ्याकडे.

— मूळचा?

— मूळचा. काढून ठेवलाय.

चष्मेवाल्याने संगणकाच्या कचऱ्यातून आईचा खोकला हुडकला आणि पाचव्या गाण्यात जिथल्या तिथे परत बसवला. काचा बसवणारा हात होता. सांधा कुठे दिसेना. गाणे सुधारले, हे त्यालाही मनातल्या मनात कबूल करावे लागले.

वितरकाने ते गाणे अडवले. त्यात एका अनोळखी कलावंताचा आवाज आढळला होता आणि अनोळखी कलावंताची ओळख पटवणे भाग होते. तशी नोंद करण्यात आली. विशेष सहभाग: आई.

आईला हे आता कागदावर लिहूनच दाखवावे लागले. तिने दोनदा वाचले.

“‘विशेष’ कशाला? नुसतं ‘आई’ लिही,” ती म्हणाली. “आणि माझं आधी, तुझं नंतर.”

पेच

इथे सगळे अडले. वितरकाचा नियम असा होता की प्रत्येक सहभागी कलावंताने अंतिम अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून संमती द्यावी; त्याशिवाय तो प्रसिद्ध होणार नाही. आईचा नियम असा होता की अल्बम प्रसिद्ध झाल्याशिवाय ती तो ऐकणार नाही.

चष्मेवाल्याने साहाय्यिकेला आई समजावून सांगितली आणि आईला साहाय्यिका. दोघींनी शांतपणे समजून घेतले आणि दोघीही तसूभर हलल्या नाहीत. आईचे तर साहाय्यिकेबद्दल मतच चांगले झाले. मुलगी नियमाची दिसते, ती म्हणाली, नाहीतर हल्ली कोण विचारतं कोणाची संमती. खोकला पुन्हा काढावा, तर अल्बममधून घर जात होते. ठेवावा, तर आईने ऐकल्यावाचून सुटका नव्हती. आईच्या वतीने आपण ऐकू का, असे मेहुण्याने विचारून पाहिले. चष्मेवाल्याने त्याच्याकडे नुसते पाहिले. मेहुण्याला गाद्यांचे एक तातडीचे काम आठवले.

दिवस गेले. नियम जागच्या जागी राहिले, डावा कान तेवढा राहिला नाही. एका दुपारी बायकोने आईंना जेवायला हाक मारली, मग मोठ्याने मारली, मग जाऊन खांद्याला हात लावला. आई दचकली. बायकोने येऊन नवऱ्याला विचारले, “तो वितरक ऐकलंय का ते तपासतो, की वाजलंय का ते?”

चष्मेवाल्याने नियम पुन्हा वाचला. वाजलंय का, एवढेच तपासले जात होते. अल्बम कलावंताच्या खात्यावरून शेवटपर्यंत वाजावा आणि मग बटण दाबले जावे.

बायकोने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिले: आई, हे कानाला लावून बसा. ऐकायचं नाही.

“ऐकायचं नाही ना?” आईने खात्री करून घेतली. बायकोने मान डोलावली. “मग बसते. माझा शब्द मोडत नाही.”

ती कानावर हेडफोन चढवून फोटो काढून घेत असल्यासारखी ताठ बसली. शेवटच्या गाण्यानंतर बायकोने खूण केली, आईने बटण दाबले. ना वितरकाचा नियम मोडला, ना आईचा. साहाय्यिकेचा निरोप लगेच आला: अभिनंदन. आपल्या सहकलावंताने अल्बम लक्षपूर्वक ऐकला आहे.



सूचना

वितरकाकडे अर्धे मिनिट ऐकले की ‘ऐकले’ असे धरतात. तोच नियम इथे लावल्यास आपली ही कथा केव्हाच वाचून झालेली आहे. पुढचा भाग ऐच्छिक आहे.

प्रसिद्धी

अल्बम बाहेर आला. चष्मेवाल्याने दुवा सगळ्यांना पाठवला आणि अभिप्रायांचा नुसता पाऊस पडला. वरच्या मजल्यावरच्या मुलीने ‘अप्रतिम’ म्हटले. मेहुण्याने लाल हृदयांची रांग लावली. दुकानातल्या गिऱ्हाइकांनी डोळ्यांत पाणी आल्याचे कळवले. नंबर बदलला असेल, असे चष्मेवाल्याला आधी वाटले. कानाच्या डॉक्टरांनी आवाजाची खास तारीफ केली.

संध्याकाळी वितरकाचा अहवाल आला. यच्चयावत मंडळी पहिल्याच गाण्यात, अर्धे मिनिट भरताच उठून गेली होती. एक श्रोता तेवढा शेवटपर्यंत होता. तो शेवटच्या गाण्यावरून पुन्हा पहिल्यावर गेला होता आणि अजूनही ऐकत होता. साहाय्यिकेने त्याला निष्ठावंत श्रोत्याचा बिल्ला बहाल केला होता.

आई खिडकीपाशी कानाला हेडफोन लावून बसली होती. वरच्या मुलीकडून खात्री करून घेऊनच बसली होती. चष्मेवाल्याने कागदावर लिहिले: काही ऐकू येतंय का?

आईने वाचले.

“नाही रे,” ती म्हणाली. “पण आता बाहेर आलंय ना. मधूनच उठून कसं जायचं?”

आणि तो मध्ये मध्ये करतो आहे म्हणून तिने त्याला बोटाने गप्प राहायची खूण केली.

दुवा आपल्यालाही आला होता. ‘मस्त, निवांत ऐकतो,’ असे आपण लगेच कळवलेत, त्याबद्दल आभार. आपल्याला व्यवस्थित ऐकू येते, अशी आमच्याकडे नोंद आहे.