हत्तींच्या शर्टातले व्याही

सारिन मास्तरांची दाढ मोडली ती नेमकी व्याह्यांच्या पहिल्या भेटीच्या दिवशी, सकाळी सात वाजता. तीही कसल्या हाडावर नव्हे, मुळ्याच्या लोणच्याच्या फोडीवर.

मास्तर, पत्नी फल्ला आणि मुलगी चान्थू आदल्या संध्याकाळी कोम्पोंग थोमहून सिएम रीपला येऊन उतरले होते. चान्थूचं लग्न पुढच्या महिन्यात होतं. त्याआधी अंगकोर वाटच्या मंदिराच्या आवारात जरीची वस्त्रं नेसून नवरानवरीचे फोटो काढायचे होते आणि त्या निमित्तानं दोन्ही घरांची गाठ पडायची होती. लग्नाची बोलणी झाली तेव्हा मास्तर तापानं आडवे होते, त्यामुळे सगळं फल्लानंच उरकलं होतं. नवऱ्यामुलाचे वडील किमलेंग यांना मास्तरांनी अजून पाहिलंही नव्हतं. नॉम पेन्हमध्ये त्यांची टाइल्सची तीन दुकानं आहेत, एवढं मात्र मास्तरांना पाठ होतं.

"तुम्ही मुकाट्यानं दाताच्या डॉक्टरकडं जा," फल्ला म्हणाली. "आम्ही चान्थूला नटवायला नेतो. दहा वाजता मंदिराच्या पश्चिमेच्या दारापाशी या. किमलेंगसाहेब तिथं तुमची वाट बघतील. मी त्यांना सांगून ठेवलंय, पांढरा शर्ट, काळी पँट."

"आणि चेहरा कसा सांगितलास?"

"हेडमास्तरसारखा म्हटलं. आणखी काय सांगणार?"

डॉक्टरीणबाई वयानं मास्तरांच्या विद्यार्थिनीसारखी होती, पण दरारा मास्तरांहून जास्त. तिनं दोन इंजेक्शनं दिली, दाढ उपटली, खड्ड्यात कापसाचा बोळा दाबला आणि बजावलं, "काका, दोन तास दात घट्ट मिटून ठेवायचे. बोलायचं नाही, थुंकायचं नाही. तोंड उघडलंत तर पुन्हा रक्त येईल."

मास्तरांनी मान हलवली. तेवढ्यात आरशात त्यांना दिसलं की पांढऱ्या शर्टावर छातीपासून पोटापर्यंत रक्ताचा ओघळ आला आहे. असल्या शर्टात व्याह्यांसमोर जायचं म्हणजे कुणाचा खून करून आल्यासारखं दिसलं असतं. समोरच बाजार होता. पण त्या गल्लीत सगळी दुकानं पर्यटकांची. मास्तरांच्या मापाचा पांढरा शर्ट कुठंच मिळेना. मिळाला तो निळा, आणि त्यावर सोंड वर केलेले पिवळे हत्ती. दुकानदारीण त्यांच्याशी इंग्रजीत बोलली. मास्तर गप्प राहिले, तेव्हा तिनं चिनी बोलून पाहिलं. शेवटी ऊन लागेल म्हणून एक गवती टोपी तिनं आपण होऊन त्यांच्या डोक्यावर ठेवली.

रिक्षातून मास्तर मंदिरापाशी उतरले, तोच दोन मोठ्या बसमधून कोरियन पाहुण्यांचा घोळका उतरला आणि मास्तर त्यात सापडले. झेंडावाल्या गाइडनं घाईघाईत एकेकाच्या छातीवर गोल पिवळा बिल्ला चिकटवला. एक मास्तरांनाही, बरोबर हत्तीच्या तोंडावर. मास्तरांनी हातवारे केले. शेजारच्या कोरियन आजोबांनीही आनंदानं हातवारे केले. दोघं तसेच दारापर्यंत पोचले.

दारावरच्या पहारेकऱ्यानं सगळ्यांची तिकिटं पाहिली. मास्तरांकडं तिकीट नव्हतं. देशातल्या माणसाला ते लागतच नाही, पण मग देशातला असल्याची काही खूण हवी. मास्तरांनी खिसे चाचपले. ओळखपत्र, फोन, चष्मा, सगळं फल्लाच्या पिशवीत.

"हे आमचे नाहीत," गाइड डोकी मोजून म्हणाला आणि घोळका घेऊन पुढं गेला.

"कुठले तुम्ही?" पहारेकऱ्यानं ख्मेरमध्ये, म्हणजे मास्तरांच्याच देशभाषेत, विचारलं.

मास्तरांनी विचार केला की एका वाक्यानं काही रक्त यायचं नाही. पण जीभ तोंडात ओल्या फडक्यासारखी पडली होती. "म्ही इथलाफ आहे," ते म्हणाले. "ह्मेर. ह्मेर माफ्तर."

पहारेकऱ्याला कौतुक वाटलं. "छान बोलता की. अजून थोडी सवय केलीत तर चांगलं जमेल."

एकतीस वर्षं भाषा शिकवलेल्या माणसाच्या काळजाला हे फार लागलं. त्यांनी पेन मागून घेतलं आणि त्याच्या कागदाच्या पाठीवर लिहिलं, 'मी ख्मेर आहे.' चष्मा नव्हता, अक्षरं एकमेकांवर चढली. पहारेकऱ्यानं कागद लांब धरून पाहिला.

"लिहिताही येतं? गेल्या आठवड्यात एक जपानी बाई आल्या होत्या. त्यांचं अक्षर मात्र तुमच्याहून वळणदार. असं करा, त्या बाकावर सावलीत बसा. तुमचं माणूस कुणी आलं की जा आत."

बाकावर एक गोल चेहऱ्याचा गृहस्थ कडक इस्त्रीच्या रेशमी शर्टात घाम पुसत बसला होता. मास्तर शेजारी टेकले, तसा तो उठून पहारेकऱ्याकडे गेला. "पांढऱ्या शर्टातले एक मास्तर आले का हो? कोम्पोंग थोमचे?"

म्हणजे हेच किमलेंगसाहेब! मास्तरांनी बसल्या जागी दोन्ही हात वर करून हलवले.

"नाही आले," पहारेकरी म्हणाला. "आणि त्या पाहुण्यांना बहुतेक पाणी हवंय. कोरियन असावेत, दुसऱ्या कुठल्या गटातून सुटलेत बिचारे."

किमलेंगनी बाटली आणून झाकण काढून मास्तरांच्या हातात दिली. मास्तर छातीवर हात आपटून "म्ही, म्ही" म्हणू लागले, तेव्हा किमलेंगनी त्यांच्या पाठीवर थोपटलं. "प्या, प्या. तुमची भाषा मला येत नाही, माझी तुम्हाला येत नाही. बरंच आहे ते. आज मला असाच माणूस पाहिजे होता."

आणि ते बोलत सुटले.

"माझा व्याही हेडमास्तर आहे. हेडमास्तर! शाळा दिसली तरी मी रस्ता बदलतो. मी चौथीत दोनदा नापास. पुढं शाळा सोडून सिमेंटची पोती उचलली. दुकानाच्या पाटीवर मी स्वतः लिहिलेल्या नावात चूक निघाली, गिऱ्हाइकानं दाखवली. आता हा माणूस माझ्याशी बोलणार आणि प्रत्येक शब्दाखाली मनातल्या मनात लाल रेघ ओढणार. बायको म्हणते, कमी बोला. कमी कसं बोलू? घाबरलो की मी जास्तच बोलतो."

मास्तरांचे हात हळूहळू खाली आले.

"त्यांच्यासाठी चार वाक्यं पाठ केलीत. ऐकता का?" किमलेंग उभे राहिले, हात जोडले, घसा साफ केला. "आदरणीय गुरुवर्य, आपल्या चरणांची धूळ आमच्या... आमच्या..." ते थांबले. "बघा, इथंच अडतं रोज."

त्या अर्ध्या वाक्यात उच्चाराची एक चूक होती. ती मास्तरांच्या कानावर आली, पण मनाला लागली नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. त्यांना त्या माणसाचा खांदा दाबावासा वाटला. पण आता 'तो मीच' म्हणून सांगायचं तरी कसं? मघाशी सांगता येत नव्हतं, आता सांगवत नव्हतं.

एवढ्यात आतून फल्ला तरातरा आली. आधी ती मास्तरांना ओलांडून पुढं गेली, मग थबकून मागं वळली.

"अहो, हा काय अवतार? आणि इथं काय बसलात? तिकडं फोटोवाला खोळंबलाय." मग तिनं किमलेंगना हात जोडले. "बरं झालं, तुमची भेट झाली यांच्याशी."

किमलेंगच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ते मटकन बाकावर बसले. फल्लानं ओळखपत्र दाखवलं. पहारेकऱ्यानं ते दोनदा वाचलं आणि मास्तरांची माफी मागितली. अक्षराबद्दल मात्र शब्द मागे घेतला नाही.

मंदिराकडं जाणाऱ्या लांब दगडी वाटेवर फल्ला पुढं चालली होती आणि हे दोघं मागं. अर्ध्या वाटेवर मास्तरांनीच बोळा गालात सरकवला. जीभ थोडी जागेवर आली होती.

"तुमचं मी काही ऐकलं नाही," ते म्हणाले. "इंजेक्शननं कानही बधिर झाले होते."

"मास्तर, उगीच माझी समजूत घालू नका."

मास्तर थांबले. मग पुढं गेलेल्या बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणला. "मग खरं सांगतो. डॉक्टरीणबाई म्हणाली, ही दाढ लोणच्यानं मोडलेली नाही. ती आधीच झिजून पोकळ झाली होती. मी झोपेत दात खातो. कसली काळजी आहे का, विचारत होती."

"कसली होती?"

"तुमची. तीन दुकानांच्या मालकाशी मी बोलणार काय, आणि लग्नात माझ्या पोरीला तुमची माणसं हसणार तर नाहीत ना. महिनाभर डोळ्याला डोळा नाही. डोळा लागला तर दात खात होतो."

किमलेंगनी त्यांच्या सुजलेल्या गालाकडं पाहिलं, हत्तींकडं पाहिलं.

"म्हणजे माझ्यापायी तुमची दाढ गेली?"

"अख्खी."

किमलेंगनी खोल श्वास सोडला. लग्न ठरल्यापासून कोंडलेला वारा बाहेर पडावा तसा. रेशमी शर्टाचं वरचं बटण त्यांनी सोडलं.

"बरं झालं," ते अगदी मनापासून म्हणाले.