अहो म्हणणाऱ्यास साखर नाही

सुधाकर रामटेकेला 'अहो' म्हटलं, की तो चहा देत नाही. काळी कॉफी देतो. दूध नाही, साखर नाही. इथल्या हॉकर सेंटरच्या, म्हणजे स्वस्त खाण्याच्या टपऱ्यांच्या, भाषेत कोपी-ओ कोसोंग. कप समोर ठेवून आपण तो संपवेपर्यंत बघत बसतो.

यिशुनमधल्या आमच्या ब्लॉकमध्ये तो राहायला आला, तेव्हा लिफ्टमध्ये मी सहज विचारलं, "तुम्ही मराठी का?"

"मराठी आहे. पण तुम्ही नाही. तू."

"अहो, पण पहिल्यांदाच भेटतोय आपण."

"संध्याकाळी ये घरी," तो म्हणाला. "कॉफी देतो."

मी माधुरी, पुण्याची. पन्नाशीला टेकलेल्या, टक्कल पडलेल्या, तुआसच्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात चार फोरमन हाताखाली असलेल्या इंजिनिअरला मी 'अरे' कशी म्हणणार? पण ती कॉफी एकदा प्यायल्यावर 'अहो'ही परवडेना. मग मी क्रियापदं लपवून बोलायला शिकले. "चहा झाला?" "बस मिळाली?" "तुआसला आज पाऊस?" अशा वाक्यांवर मी दोन वर्षं काढली.

त्याची बायको शीला त्याला सरळ 'अहो' म्हणते. तिला आता ती कॉफीच आवडायला लागली आहे.

"इंग्रजी भाषा बघ," सुधाकर म्हणायचा. "राजालाही यू आणि कुत्र्यालाही यू. अहो म्हणजे काय माहीत आहे? दाराबाहेरचा माणूस."

मी याद्या करणारी बाई. बाजाराची, औषधांची, पाहुण्यांची, सगळ्यांची यादी. रविवारी सकाळी ब्लॉकमधल्या मराठी मुलांना भाषा शिकवते, त्याचीही असते. एका रविवारी यादीत होतं: 'मोठ्यांशी आदराने बोलणे'. मुलांकडून मी 'तुम्ही दमलात का' घोकून घेतलं.

त्या सोमवारी संध्याकाळी दारावर थाप पडली. सुधाकर, पायात यार्डातले जड बूट.

"माझ्या पोरीला काय शिकवलंस?"

"आदर."

"परत घे."

त्याची संघमित्रा, घरातली मित्रा, मागे उभी होती. नऊ वर्षांची, डोळ्यांवर मोठा चष्मा. "मी फक्त विचारलं, बाबा, तुम्ही दमलात का," ती म्हणाली. "ही गॉट सो अँग्री, लाह," इथल्या पोरांसारखा शेवटी 'लाह' जोडून.

मी आदर परत घेतला. कॉफीही प्यायले.

ही मित्रा प्रायमरी थ्रीमध्ये, म्हणजे तिसरीत होती. त्या वर्षी इथे सगळ्या मुलांची एक परीक्षा होते, मग त्यातून निवडलेल्यांची दुसरी, आणि उरतील ती मूठभर मुलं चौथीपासून गिफ्टेडच्या वर्गात जातात. वर्ग ठरावीक शाळांतच असतो, म्हणजे शाळा बदलायची. लोक त्यासाठी ट्यूशन लावतात. मित्राने काही न लावता दोन्ही टप्पे पार केले, आणि सुधाकर म्हणाला, "नाही पाठवणार."

बातमी पसरायला वेळ लागला नाही. मरीन परेडला एकाच्या काँडोत आम्ही मराठी मंडळी जेवायला जमलो होतो. यजमानांनी पुरणपोळीचा घास तसाच ठेवला.

"अहो रामटेके, वेड लागलंय का? लोक जीव टाकतात यासाठी!"

"तुझ्या मुलाला पाठव."

"त्याचा नंबर नाही लागला."

"मग माझ्या पोरीचा काढून तुझ्या पोराला लावू का?"

"तिचं नुकसान करताय तुम्ही."

"करतोय. पोळी वाढ."

खाली उतरताना मी विचारलं, "पण कारण काय?"

"हुशार म्हणून वेगळी काढली ना, की पोरगी घरात पाहुणी होते," तो म्हणाला आणि बसच्या रांगेत माझ्या पुढे जाऊन उभा राहिला.

मित्राला मात्र जायचं होतं. रविवारच्या वर्गात वही आवरताना तिने मला सांगितलं, "मावशी, तिथे खूप प्रश्न विचारले तरी टीचर 'आस्क मी लेटर' म्हणत नाहीत." मग चष्मा पुसत, "पण बाबा सॅड होतो."

होकार कळवायची मुदत सोमवारी संपत होती. मी दोन रकान्यांची यादी केली, फायदे आणि तोटे, आणि रविवारी दुपारी ती घेऊन वर गेले. सुधाकर जेवायला बसला होता. त्याने यादी घेतली, नीट घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली.

"छान झाली आहे," तो म्हणाला. "हलत नाही आता."

मग त्याने कॉलिंग कार्ड खरवडलं आणि गावी फोन लावला. हात आमटीने भरलेला, म्हणून स्पीकरवर. भंडाऱ्याकडचा म्हातारा, बारीक आवाज आला.

"जेवले का तुमी?"

"जेवतोय."

"तब्येत बरी हाय ना तुमची?"

मी शीलाला हळूच विचारलं, "तुझी आई?"

"माझी," सुधाकर म्हणाला.

त्याने फोनवर डावा तळहात ठेवला. "मित्राएवढा होतो. स्कॉलरशिपला पहिला आलो, म्हणून गुरुजींनी जिल्ह्याच्या वसतिगृहात नेऊन टाकलं. पहिल्या सुट्टीत घरी आलो, तर आईने शेजारून खुर्ची आणलेली. म्हणाली, बसा. मी मागे वळून बघितलं, कोण आलंय म्हणून." त्याने भात कालवला. "तेव्हापासून बसलोच आहे."

तेवढ्यात मित्राने त्याचा हात बाजूला सारला.

"आजी! मी पास झाले. बिग वाली परीक्षा. पण बाबा मला नवीन शाळेत पाठवत नाही!"

फोनमध्ये नुसती खरखर. मला वाटलं, कार्ड संपलं.

"काऊन रे बयताडा!" आवाज असा आला की टेबल यादीसकट हललं. "पोरीले काऊन अडवून राह्यला तू? तुले म्या अडवलं होतं का? रातभर रडली होती म्या, पण अडवलं का तुले? लय मोठा झाला का रे?"

सुधाकर ताटावरून उठून उभा राहिला होता. खरकटा हात तसाच हवेत. चेहरा असा, की यार्डातल्या फोरमननी बघितला असता तर ओळखला नसता.

"ती तर रोज संध्याकाळी घरी येणार आहे, आई," तो म्हणाला. जणू हे त्याला आत्ताच कळलं होतं.

"मंग? अक्कल हाय का तुले?"

"नाही," तो म्हणाला. "पाठवतो. पण अजून बोल ना."

पलीकडे ती खोकली. राग ओसरल्याचं इथपर्यंत ऐकू आलं. "बरं," ती म्हणाली. "जेवून घ्या तुमी."

फोन ठेवल्यावर तो खाली बसला. शीला आमटी गरम करायला आत गेली. मित्रा त्याच्या खांद्यावर लोंबकळत म्हणाली, "अरे बाबा, थँक यू, लाह." त्याने तिच्या गालाला आमटी लावली. पण नजर फोनवरच होती.

"परत तुमीवर गेली," तो म्हणाला.

मी व्यवहारी बाई. मला अशा वेळी काहीतरी उपाय सुचवल्याशिवाय राहवत नाही.

"मग पुढच्या रविवारी आणखी कशाला तरी अडव तिला," मी म्हटलं.

'अडव' तोंडातून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. त्याच्या लक्षात माझ्या आधीच आलं होतं.

"शीला," तो आत वळून ओरडला, "माधुरीला चहा टाक. साखर घालून."